निवटी

खाडीच्या चिखलात राहणारा आणि ओहोटी लागली की पाण्याबाहेर हिंडणारा, साधारण वीतभर लांबीचा मासा. गोबी गटातला. ठाणे जिल्ह्यातल्या खाड्यांत तो आढळतो. भिवंडी तालुक्यातले अंजूर ज्या उल्हास खाडीच्या काठी वसले आहे तीही त्यांतलीच. इथल्या एका जातीचे शास्त्रीय नाव बोलिऑफ्थॅल्मस ड्युसुमिएरी.

निवटी छातीच्या दोन दणकट परांवर भार देत चिखलावरून सरकते आणि शेपटीच्या झटक्याने उडी मारते. पाण्याबाहेर ती ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेते. म्हणून अंग सुकून चालत नाही. मधूनमधून ती चिखलात लोळून घेते. डोळे डोक्याच्या वर आलेले. तिला पापण्या नाहीत, तरी ती डोळे मिचकावते : डोळा खाली खोबणीत ओढून ओला करून पुन्हा वर काढते. खाताना डोके डावी-उजवीकडे हलवत चिखलावरचे सूक्ष्म शेवाळ खरवडते. तिचे काही भाईबंद मात्र किडे आणि खेकड्यांची पिल्ले पकडतात.

खरे नवल आहे ते तिच्या बिळात. खोल चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथे अंडी जगतील कशी? जपानमधल्या निवटीच्या एका जातीवर झालेला अभ्यास यासाठी मुद्दाम सांगण्याजोगा आहे. तिथे बिळातल्या कोठीच्या छताला अंडी चिकटवलेली असतात. नर वर येतो, तोंडभर हवा घेतो, खाली जाऊन ती कोठीत सोडतो, आणि अशा खेपा घालत राहतो. पिल्ले बाहेर पडायची झाली की तोच नर रात्रीच्या भरतीला कोठीतली हवा तोंडाने बाहेर नेऊन टाकतो. कोठीत पाणी शिरते आणि अंडी फुटतात. एवढ्याशा माशाने भरतीची वेळ साधावी, ही बापाची कामगिरी मोठीच म्हटली पाहिजे.

आगरी-कोळी घरांत निवट्यांचे कालवण आवडीने होते. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून, बिळात हात घालून त्या पकडतात. बिळाला बहुधा एकाहून अधिक तोंडे असतात, त्यामुळे हात एकीकडे आणि निवटी दुसरीकडून पसार, असे होते. खाजणात मातीचा भराव पडला की बिळे बुजतात. भरती-ओहोटीचे पाणी तिथे पोहोचेनासे होते, आणि निवट्या त्या जागेतून नाहीशा होतात.