लाखोळी, तिवरा आणि विषाचा इतिहास

प्राणी, वनस्पती व सूक्ष्मजीव यांच्यातील नैसर्गिक विषांचा इतिहास बहुधा प्रयोगशाळांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मराठी भाषकांपुरते पाहिले तरी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील सर्पविषप्रतिबंधक लस किंवा महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंशावर ‘प्राझोसिन’ या औषधाचा केलेला यशस्वी वापर ही उदाहरणे चटकन आठवतात. दोन्ही ठिकाणी विष बाहेरून येते, एका क्षणी शरीरात शिरते आणि त्याचा कर्ता डोळ्यांना दिसतो. परंतु जे विष अन्न म्हणून ताटात येते, महिनोन्‌महिने पोट भरते आणि मग एके दिवशी पाय निकामी करते, त्याचा इतिहास प्रयोगशाळेपुरता मर्यादित ठेवता येत नाही. लाखोळीच्या डाळीचा इतिहास या प्रकारचा आहे. तो लिहिण्यासाठी शब्दकोश, वैद्यकग्रंथ, प्रवासवृत्त, चित्र, कायदा आणि रसायनशास्त्र ही साधने एकत्र वाचावी लागतात. प्रस्तुत निबंधाचा प्रयत्न तेवढाच आहे.

विदर्भाच्या पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात या कडधान्याला ‘लाख’ किंवा ‘लाखोळी’ म्हणतात. छत्तीसगडच्या मैदानात तेच ‘तिवरा’ किंवा ‘लाखडी’ होते, उत्तरेकडे ‘खेसारी’. वनस्पतिशास्त्रातील नाव लॅथिरस सॅटायव्हस. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तेथे धान उभे असतानाच बांधीतील ओलीवर तिवऱ्याचे बी फेकतात. या पद्धतीला ‘उतेरा’ म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी देणे नाही. धान कापल्यावर जमिनीतील उरल्यासुरल्या ओलाव्यावर पीक वाढते. कोवळ्या शेंड्यांची तिवरा भाजी होते, दाण्याची डाळ व बेसन होते, आणि उरलेला पाला गुरांपुढे जातो.

नावांची ही सरमिसळ आकस्मिक नव्हे. बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा झाले, त्यानंतर मध्य प्रांतातही नागपूर व रायपूर-दुर्ग एकाच शासनाखाली राहिले, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत राजधानी नागपूरच होती. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलीतील लाखोळी आणि आसपासच्या खेड्यांतील तिवरा ही दोन नावे एकाच बाजारात भेटली.

या धान्याचा दोष फार पूर्वी ओळखला गेला होता. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त ‘त्रिपुट’ या नावाने त्याचा उल्लेख असून त्यामुळे माणूस खंज व पंगू होतो असे म्हटले आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक वैद्यकग्रंथांत, थ्रेसमधील ऐनोस येथे सतत कडधान्यावर राहिलेल्या लोकांचे पाय दुबळे झाल्याची नोंद आहे. ते कडधान्य नेमके हेच होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ‘सतत’ हा तपशील महत्त्वाचा आहे. १६७१ मध्ये जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग येथे पावात हे पीठ मिसळण्यास मनाई झाली. नेपल्सचे वैद्य कांतानी यांनी १८७३ मध्ये या व्याधीला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले, आणि तेच जगभर रूढ झाले.

भारतीय संदर्भात सर्वांत तपशीलवार वर्णन विल्यम स्लीमन यांच्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात सापडते. पेशव्यांकडून १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेलेल्या सागर प्रदेशातील ही हकीकत आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये पावसाने दगा दिला, १८३१ मध्ये तांबेरा पडला. गव्हात आपोआप उगवणारे एक कडधान्य तेवढे तगले. स्लीमन त्याचे नाव ‘तेओरी’ असे देतात. छत्तीसगडी ‘तिवरा’शी या शब्दाचे नाते उघड आहे. लोक त्यावरच जगले. १८३३ पासून तिशीच्या आतील तरुणांची कमरेखालील शक्ती जाऊ लागली. या कथनात तीन वर्षांच्या आपत्ती क्रमाने येतात आणि व्याधी शेवटी येते. लेखकाने कारण म्हणून धान्याकडे बोट दाखवले असले, तरी त्याच्या निवेदनाचा क्रम वाचकाला दुष्काळाकडे नेतो.

तुलनेसाठी फ्रान्सिस्को गोया यांचे एक अम्लरेखन पाहण्याजोगे आहे. ‘युद्धाचे अनर्थ’ या मालिकेतील ५१ व्या चित्राला १८११-१२ च्या माद्रिदमधील दुष्काळाची पार्श्वभूमी आहे. त्याच्या शीर्षकाचा आशय ‘लाखोळीची कृपा’ असा होतो. ही कृपा प्राण वाचवल्याबद्दलची की पाय हिरावल्याबद्दलची, हे शीर्षक सांगत नाही, आणि त्या संदिग्धतेतच चित्राचा अर्थ आहे. भावमिश्राच्या वर्णनात धान्याचा गुणदोष आहे, स्लीमनच्या वृत्तात घटनाक्रम आहे, गोयाच्या शीर्षकात उपकार आणि अपकार एकाच शब्दात आले आहेत. तिन्ही साक्षी मिळूनच विषयाचे पूर्ण रूप दिसते.

प्रयोगशाळेचा प्रवेश यानंतरचा. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व शर्मा यांनी, तसेच दिल्लीतील मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रमण्यम यांनी या दाण्यातील विषद्रव्य वेगळे काढल्याचे प्रसिद्ध केले. ते प्रथिनांत न आढळणारे एक अमिनो आम्ल असून त्याचे संक्षिप्त नाव ‘ओडॅप’ आहे. मज्जापेशींना संदेश देणाऱ्या ग्लुटामेट या द्रव्याशी त्याचे इतके साम्य आहे की पेशी त्याला ग्लुटामेट समजून प्रतिसाद देत राहतात. या अतिउत्तेजनाने पायांच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या पेशी निकामी होतात. पाय ताठरतात, चालताना एकमेकांत अडकतात. बुद्धी शाबूत राहते. गेलेले पाय मात्र परत येत नाहीत. हेच द्रव्य चिनी वैद्यकातील एका जिनसेंग जातीतही आढळते आणि तेथे ते रक्तस्राव थांबवणारे औषध म्हणून अभ्यासले जाते.

या संशोधनाने इतिहासाला दिलेली खरी देणगी म्हणजे मात्रेचा विचार. इतर धान्यांसोबत अधूनमधून खाल्लेली लाखोळी पाय घेत नाही. आहाराचा मोठा हिस्सा तीच होऊन दोन-तीन महिने गेले की धोका सुरू होतो. पाण्याचा ताण पडला की दाण्यातील विषद्रव्य वाढते. म्हणजे ज्या वर्षी माणसापाशी दुसरे काही खायला नसते, त्याच वर्षी हा दाणा अधिक विषारी असतो. हैदराबादच्या पोषण संशोधकांनी १९६० च्या दशकात दाणे गरम पाण्यात भिजवून किंवा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून देण्याच्या सोप्या रीती सुचवल्या. परंतु भरपूर पाणी आणि जळण या दोन्ही गोष्टी दुष्काळात दुर्मीळ असतात.

मात्रा कोण ठरवतो, हा प्रश्न येथे अटळ होतो. रेवा-सतना भागात बांधील शेतमजुरांना मजुरी म्हणून खेसारी किंवा खेसारीमिश्रित धान्य दिले जाई, आणि व्याधिग्रस्तांत याच वर्गाचा भरणा होता. १९६४ मध्ये द्विवेदी व प्रसाद यांनी रेवा जिल्ह्याची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा या व्याधीचा विस्तार समोर आला. दुसऱ्या महायुद्धातील व्हाप्न्यार्का छावणीत १९४२-४३ च्या हिवाळ्यात ज्यू कैद्यांना हेच चाऱ्याचे धान्य रोज सुमारे ४०० ग्रॅम दिले गेले. कैदी असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी व्याधी ओळखली, तोवर अनेक जण पंगू झाले होते. रेव्याचा मजूर व व्हाप्न्यार्काचा कैदी यांची परिस्थिती एक नव्हे. पण दोघांच्याही ताटातील वाटा दुसऱ्याच्या हाती होता.

कायद्याने मात्र प्रश्न वेगळ्या भाषेत मांडला. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत ४४-अ हा नियम आला. राज्य शासन अधिसूचित करील त्या तारखेपासून ‘केसरी’ व तिच्या पदार्थांच्या विक्रीस, तसेच विक्रीसाठी साठा करण्यास त्याने मनाई केली. मनाई विक्रीला होती, पेरणीला नव्हती. तुरीच्या डाळीत वा बेसनात भेसळ खाणाऱ्या शहरी ग्राहकाचे संरक्षण हा त्याचा गाभा. घरच्या बांधीतील किंवा मालकाच्या कणगीतील दाणा खाणारा मजूर बाजारात येतच नव्हता. त्यामुळे ज्याचे पाय जात होते तो नियमाच्या कक्षेबाहेरच राहिला. नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध अनेक वर्षे दिलेल्या लढ्यात, गरिबाचे स्वस्त व प्रथिनयुक्त अन्न बदनाम केले गेले, हा मुख्य आक्षेप होता. त्यांच्या सर्वच वैज्ञानिक दाव्यांशी सहमत होणे आवश्यक नाही. परंतु कायद्याने कोणाचे अन्न गुन्हेगार ठरवले, हा त्यांचा प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नव्हता.

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘रतन’ अशी कमी विषद्रव्याची वाणे दिली. २०१६ च्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने अशा वाणांच्या आधारे बंदी उठवण्याची शिफारस केली. तथापि व्याधी त्याआधीच ओसरत चालली होती. सिंचन वाढले, स्वस्त धान्य दुकानांतून गहू-तांदूळ मिळू लागला, १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीला अटकाव झाला. तिवरा छत्तीसगडच्या ताटातून गेला नाही. त्याचा एकट्याचा ताटावरील ताबा गेला.

यावरून तौलनिक अभ्यासकाला एक कार्यपद्धती सुचते. रसायनशास्त्राने विषाची मात्रा सांगितली. ती मात्रा कोणाच्या पोटी, कोणत्या वर्षी, कोणाच्या हुकमाने गेली, हे वृत्तांत, नावे आणि चित्रे सांगतात. दुर्ग जिल्ह्यातील तिवरा आणि गोंदियातील लाखोळी यांच्या बोलीतील म्हणी, पाककृती व दुष्काळाच्या आठवणी यांचे पद्धतशीर संकलन झाल्यास, अधिकृत नोंदींत कधीच न आलेल्या त्या मजुराची साक्ष इतिहासात दाखल होऊ शकेल. ज्यांच्या स्मृतीत ती शिल्लक आहे ती पिढी आता वृद्ध झाली असल्याने हे काम लवकर हाती घेणे इष्ट ठरेल.