सत्तावीस वर्षांची उमेदवारी : चित्रपटापूर्वीचे दादासाहेब फाळके

१/ ३ मे १९१३. मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला. ही तारीख आपल्याला पाठ असते. पण त्या दिवशी धुंडिराज गोविंद फाळके ४३ वर्षांचे होते, आणि तोवर त्यांनी निदान पाच व्यवसाय करून सोडले होते. हा धागा त्या सोडलेल्या व्यवसायांविषयी आहे. 👇

२/ जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे व्यासंगी. घरात पुराणे आणि आख्याने यांचे वातावरण. मुलाने शास्त्री व्हावे अशी परंपरा. मुलाचा ओढा मात्र रेषांकडे. वडील अध्यापनासाठी मुंबईस आले आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

३/ तेथून बडोद्याचे कलाभवन. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुरचना, छायाचित्रण असे जे जे शिकता येईल ते त्यांनी शिकून घेतले. १८९२ च्या अहमदाबाद येथील प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले. एवढे सारे येत होते. पोट कशावर भरायचे, हे मात्र ठरत नव्हते.

४/ मग गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावले. उद्ध्वस्त मनाने ते बडोद्यास परतले. पण तेथे कॅमेऱ्यासमोर उभे राहिल्यास आयुष्य घटते, अशी लोकांची समजूत होती. व्यवसाय चालेना.

५/ याच काळात त्यांनी एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी आत्मसात केली आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग केले. ‘फाळके’ हे नाव उलटे वाचा, म्हणजे प्रोफेसरांचे मूळ कळेल! वरवर पाहता हा केवळ विरंगुळा. पण प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वस्तू अदृश्य कशी करावी, हे शिक्षण पुढे फार उपयोगी पडले.

६/ १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर सासरी सरस्वतीबाई झाल्या. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. संसाराला स्थैर्य आले. पुढे स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि फाळके यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला.

७/ मग लोणावळ्यास मुद्रणालय. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी शिळाछपाईची कामे त्यांनी केली. पुढे दादर येथे ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ उभे राहिले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. धंदा भरभराटीस आला आणि भागीदारांशी बिनसले. फाळके बाहेर पडले. वय चाळिशीचे, हाती काही नाही.

८/ अशा रिकाम्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता. त्यांना मात्र राम आणि कृष्ण दिसू लागले. त्यानंतर रात्रंदिवस चित्रपट पाहणे आणि प्रयोग करणे सुरू झाले. त्या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली.

९/ विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या प्रारंभी ते लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. विल्यमसन कॅमेरा घेऊन फाळके परतले. पण भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल होईपर्यंत थोडे थोडे चित्रण केले. काही क्षणांत पडद्यावर अंकुर वाढताना दिसला आणि कर्ज देणाऱ्याचा विश्वास बसला.

१०/ आता मुख्य प्रश्न. भारतात चलच्चित्रे १८९६ पासून दाखवली जात होती. १८९९ मध्ये सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी, कुस्तीचे चित्रण केले होते. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ मे १९१२ मध्ये, म्हणजे ‘हरिश्चंद्र’च्या जवळजवळ वर्षभर आधी, दाखवला गेला. मग फाळके यांचे वेगळेपण कोणते?

११/ कुस्तीचे चित्रण ही एका घटनेची नोंद होती. ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते. पहिला मान कोणाचा, हा वाद त्यामुळेच आजही निघतो. फाळके यांनी मात्र कथा कॅमेऱ्यासाठी रचली आणि लेखन, नेपथ्य, दिग्दर्शन, रसायनप्रक्रिया, संकलन हे सारे स्वतः हाताळले.

१२/ आता मागील धागे जुळवून पाहा. पडदे आणि देखावे रंगवणे कलाशाळेचे. भिंगाची आणि प्रकाशाची जाण गोध्र्याची. फिल्म धुण्याची रसायने छपाईच्या वर्षांना परकी नव्हती. चमत्कारदृश्ये प्रोफेसर केळफा यांची. आणि कथा त्र्यंबकेश्वरच्या घरातील. ज्या ज्या ठिकाणी ते ‘अयशस्वी’ ठरले, तेथून त्यांनी काहीतरी बरोबर आणले होते.

१३/ एक हिशेब मात्र इतिहासात नेहमी अपुरा राहतो. पतीच्या प्रत्येक वळणाची किंमत सरस्वतीबाईंनी मोजली. दागिने मोडले गेले. पन्नासहून अधिक माणसांचा स्वयंपाक त्या करीत, फिल्मला छिद्रे पाडण्यास व ती धुण्यास हातभार लावीत, चित्रणाच्या वेळी ऊन परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. तारामतीची भूमिका करण्यास कोणी स्त्री मिळेना, तेव्हा ती उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या!

१४/ यशानंतरही वाट सरळ झाली नाही. १९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, मतभेद झाले, फाळके काशीस गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि पुन्हा चित्रपटांकडे परतले. बोलपटांच्या युगात ते मागे पडले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

१५/ या प्रवासात पूर्वनियोजित असे काही नव्हते, हे लक्षात घ्यावे. गोध्र्यातील शोकमग्न छायाचित्रकाराला ‘राजा हरिश्चंद्र’ दिसत नव्हता. आपण शेवटाकडून मागे पाहतो, म्हणून वाट आखीव वाटते. चालणाऱ्याला ती तशी दिसत नसते. चरित्रे वाचताना एवढे भान ठेवले, तर रिकाम्या वाटणाऱ्या वर्षांतही बरेच काही सापडते. 🙏