ससा, राणी आणि चांद्याचा परकोट



हलकीफुलकी प्रेमकथा, गांव लहानसें, आणि मध्येंच एखादी जादूची गोष्ट, अशा कादंबरीची हौस कांहीं आजची नव्हे. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालीं निघाली. तींत राजपुत्र आहे, राजकन्या आहे, आणि आकाशांतून जाणारें विमानही आहे! अद्भुताकडे वळण्याचें कारण रिसबुडांनीं स्वतःच प्रस्तावनेंत दिलें आहे. त्याचा मथितार्थ असा कीं, आपल्याकडील विवाहाची रीत व नित्याचा जीवनक्रम पाहतां, त्याच्या सरळ वर्णनांत मनोरंजक असें कांहीं सांपडत नाहीं. लग्न बाळपणींच ठरलेलें. मग प्रीतीची कथा लिहावी तरी कोणाची?

या प्रश्नाचें उत्तर मला आमच्या चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, स्थापनेच्या दंतकथेंत सांपडतें. गोंड राजांची ही हकीकत मेजर लूसी-स्मिथ या अधिकाऱ्यानें १८६९ च्या जमाबंदी अहवालांत नोंदविली. त्यापूर्वीं ती लोकांच्या तोंडीं होतीच.

खांडक्या बल्लाळशहा हा राजा. त्याच्या अंगावर गांठी उठलेल्या, औषधोपचार थकले. परंतु राणी सुज्ञ आणि प्रेमळ होती. तिनें त्याची शुश्रूषा केली, आणि तिच्याच सांगण्यावरून राजानें शिरपूर सोडून वर्धेच्या कांठीं बल्लारपूरचा किल्ला बांधिला. एके दिवशीं शिकारीच्या नादांत राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत आला. तहान लागलेली. एका भोंकांतून पाणी झिरपत होतें. तें तो प्याला, हातपाय धुतले, आणि त्या रात्रीं त्याला गाढ झोंप लागली. सकाळीं राणी पाहते तों गांठी ओसरलेल्या! राजाला त्याचें कांहींच वाटलें नाहीं, राणीनें मात्र खोदखोदून विचारलें, "आपण काल कोठें गेलां होतां?" आणि ती जागा दाखविण्याचा हट्ट धरिला. गवत व वाळू दूर केली तेव्हां खडकांत गाईच्या खुरांचीं पांच चिन्हें दिसलीं, आणि प्रत्येकांत न आटणारें पाणी. तेथें राजानें अंचलेश्वराचें देऊळ बांधावयास घेतलें.

देवळाचें काम पाहावयास जातांना आणखी एक नवल घडलें. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा झुडपांतून निघाला आणि राजाच्या शिकारी कुत्र्याच्याच पाठीस लागला! कुत्रा पुढें, ससा मागें, आणि त्यांच्या मागून घोड्यावर राजेसाहेब. मोठें वर्तुळ फिरून झाल्यावर कुत्र्याला धीर आला व त्यानें सशाला मारिलें. राजा घरीं आला तो सरळ राणीकडे. ती हंसली असेल कीं नाहीं, हें कथा सांगत नाहीं. तिनें सल्ला मात्र दिला: जेथून ससा धांवला, त्याच वाटेनें तट उभारा आणि आंत नगर वसवा.

आतां इतिहासाच्या दृष्टीनें पाहूं. परकोट एका राजाच्या हयातींत झाला नाहीं. त्याला पिढ्या लागल्या. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे आहेत. राहिला ससा. हा प्राणी मोठा प्रवासी आहे! विजयनगरच्या स्थापनेंतही तो कुत्र्यांवर उलटतो, आणि अहमदाबादच्याही. विजयनगरच्या कथेंत शकुनाचा अर्थ विद्यारण्यस्वामी सांगतात. चांद्याच्या कथेंत मात्र तो सांगते राजाची पत्नी. ससा उसना असेल. राणी आमची आहे. रिसबुडांना जें संसारांत दिसलें नाहीं, तें या कथेच्या अनाम कर्त्यांनीं नेमकें संसारांतच पाहिलें. दिवसभरांत घडलेलें नवल रोज एकाच माणसाला येऊन सांगावेंसें वाटणें, याला प्रीति नाहीं तर काय म्हणावें?

आणि याला दगडी पुरावाही आहे. अठराव्या शतकांत राणी हिराई हिनें आपला पति बीरशहा याची समाधि अंचलेश्वराच्या शेजारींच बांधिली. ती कथा नव्हे. आजही उभी आहे. गोंडांचें राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोंसल्यांकडे गेलें, समाधि राहिली.

मी शिक्षक असतांना वर्गांत एका मुलानें विचारिलें होतें, "गुरुजी, ससा कोणत्या दरवाजाजवळून धांवला?" मीं त्याला खालीं बसविलें आणि म्हटलें, "तें परीक्षेंत येत नाहीं." मुलें हंसलीं, त्या मुलानें पुढें वर्षभर प्रश्न विचारला नाहीं. खोटें शिकवावयाचें नाहीं, हा माझा बाणा होता. बाणा बरोबर होता, उत्तर चुकलें. त्याला हाताला धरून मीं परकोटावर न्यावयास हवें होतें. ससा खरा नाहीं हें तेथेंही सांगतां आलें असतें. तट तर खरा होता!

२०१७ सालीं 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनीं याच परकोटावरचीं झुडपें व कचरा काढण्याचें काम हातीं घेतलें आणि महिनोन्‌महिने चालविलें. तें पाहून मला त्या मुलाची आठवण झाली. भिंतीवर माया जडते ती तिच्या लांबी-रुंदीमुळें नव्हे. तेथून एकदां ससा धांवला होता, आणि त्याची गोष्ट कोणीतरी घरीं येऊन आपल्या माणसाला सांगितली होती, एवढें ठाऊक असलें म्हणजे पुरे.