टर्बो इंजिनातील व्हॉल्व्ह स्प्रिंग : एका उपेक्षित घटकाचा इतिहास

टर्बोचार्जरयुक्त मोटार इंजिनाचा इतिहास बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यांतून सांगितला जातो. त्या शक्तीला मर्यादा घालणाऱ्या व्हॉल्व्ह स्प्रिंगचा उल्लेख त्यात क्वचितच आढळतो.

कॅमने उघडलेला व्हॉल्व्ह वेळेवर मिटविणे हे स्प्रिंगचे कार्य. उष्णता व अखंड आवर्तने यांमुळे तिचा ताण कालांतराने उणावतो. साध्या इंजिनात अशी शिथिल स्प्रिंग काही काळ निभावून जाते. टर्बो इंजिनात ती लवकर उघडी पडते. तेथे दाबयुक्त हवा इनटेक व्हॉल्व्हला मागून रेटते, तर टर्बाइनपूर्वी साठणारा दाब एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडू पाहतो. व्हॉल्व्ह नीट मिटेनासा झाला की शक्ती घटते. तो पिस्टनवर आदळल्यास इंजिनच निकामी होते. म्हणून स्प्रिंगांचा संपूर्ण संच बदलणे इष्ट ठरते. सिलिंडर हेड न उतरविता हे काम करावयाचे तर स्पार्क प्लगच्या छिद्रातून दाबाची हवा सोडून व्हॉल्व्ह जागीच रोखून धरतात.

अधिक कडक स्प्रिंग हा स्वाभाविक उपाय. परंतु तिने घर्षण वाढते आणि अतिवेगात पोलादी वेटोळी स्वतःच कंप पावू लागतात. मर्सिडीजने १९५४-५५ च्या डब्ल्यू १९६ गाडीत स्प्रिंग वगळून व्हॉल्व्ह यांत्रिक रीतीनेच मिटविले होते. रेनॉने निराळा मार्ग शोधला. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे तिने दीड लिटरचे टर्बो इंजिन फॉर्म्युला वनमध्ये उतरविले, तेव्हा त्या धुरकट गाडीची ‘पिवळी किटली’ म्हणून थट्टा झाली. १९७९ मध्ये दिजाँ येथे पहिला विजय मिळाला. पुढे १९८६ च्या ईएफ१५बी इंजिनात अभियंता जाँ-पिएर बूदी यांच्या कल्पनेनुसार पोलादी स्प्रिंगच्या जागी दाबाखालील वायू आला. हे इंजिन असलेल्या लोटसमधून आयर्टन सेनाने हेरेस व डेट्रॉइट येथील शर्यती जिंकल्या. अजिंक्यपद मात्र मॅक्लारेनच्या अलँ प्रोस्टकडे गेले.

केवळ विजेत्यांच्या याद्यांवरून तंत्राचे मोल ठरविणाऱ्या लेखनात हा हंगाम दुय्यम ठरतो, ते न्याय्य नव्हे. १९८९ पासून टर्बोवर बंदी आली, तरी रेनॉच्या साडेतीन लिटर व्ही१० इंजिनात वायूची स्प्रिंग कायम राहिली. १९९२ ते १९९७ या सहाही वर्षांचे निर्माता अजिंक्यपद रेनॉ इंजिनाच्या गाड्यांनीच मिळविले. वायूची गळती व पुनर्भरण यांचा व्याप शर्यतीच्या संघाला पेलतो. रस्त्यावरील टर्बो मोटारींत मात्र पोलादी स्प्रिंगच टिकून आहे.