खोट चिल्लरमध्येच का घातली जाते?

मंडळी, डॉलर हा शब्द मूळचा अमेरिकेचा नाही. बोहेमियात योआखिम्सताल नावाचं चांदीच्या खाणीचं गाव होतं. १५२० च्या सुमारास तिथे पडू लागलेल्या जाड नाण्यांना गावावरून 'थालर' म्हणू लागले. त्याचाच पुढे डॉलर झाला.

तेव्हाच्या जर्मन साम्राज्यात शेकडो संस्थानं, आणि नाणी पाडायचा हक्क कितीतरी राजे, बिशप, शहरांकडे. थालरमध्ये चांदी किती, हे साम्राज्याच्या नियमाने ठरलेलं. त्यात गडबड केली तर व्यापारी लगेच ओळखणार. पण क्रॉयत्सर, ग्रोशेन ही बारकी नाणी? ती पाडायला कष्ट तेवढेच आणि किंमत थोडी. नियमाने पाडली तर टांकसाळ तोट्यात. मग चांदी कमी, तांबं जास्त.

१६१८ ला तीस वर्षांचं युद्ध पेटलं. सैन्याला पगार द्यायला पैसा हवा. राजांनी धडाधड नव्या टांकसाळी काढल्या, ठेक्याने दिल्या. दलाल शेजारच्या मुलखात हलकी नाणी खपवायचे, तिथली चांगली नाणी तराजूवर निवडून आणायचे आणि वितळवायचे. तराजू झुकवण्यावरूनच या काळाला 'किपर-विपर' नाव पडलं. तांब्यासाठी घरातली भांडीसुद्धा भट्टीत गेली.

१५६६ ला एका थालरला ६८ क्रॉयत्सर मिळायचे. १६२२ पर्यंत काही ठिकाणी हा आकडा सहाशेच्या आसपास गेला. त्याच वर्षी सम्राटाने बोहेमियाच्या टांकसाळी एका टोळक्याला ठेक्याने दिल्या. त्यात सेनापती वालेनश्टाइनही होता. असल्याच हलक्या पैशात त्याने जप्त झालेल्या जमिनी घेतल्या.

आता बघा, मेलं कोण? ज्याच्या पेटीत थालर होते तो तरला. शिक्षक, पाद्री, मजूर यांना पगार मिळायचा चिल्लरमध्ये, तोही ठरलेला. दुकानदार ती चिल्लर घेईनात. माग्देबुर्गसारख्या शहरात दंगे झाले.

हे थांबलं कशाने? राजांना दया आली म्हणून नाही. कर भरायला लोक तीच खोटी नाणी घेऊन आले! आपलंच तांबं आपल्याच तिजोरीत परत आलं, तेव्हा डोळे उघडले. १६२३ च्या सुमारास हलकी नाणी बाद झाली, दक्षिणेत थालर ९० क्रॉयत्सरवर ठरला. बाद नाणी ज्यांच्या हातात राहिली, त्यांचं नुकसान कुणी भरून दिलं नाही.

कुंपणानेच शेत खाल्लं, ते असं. म्हणून सरकार पैशाबद्दल काही नवीन सांगेल तेव्हा एवढंच विचारायचं: याचा भार थालरवाल्यावर पडणार, की चिल्लरवाल्यावर?