रजोनिवृत्तीच्या वयातील स्लीप ॲप्निया: जबड्याची शस्त्रक्रिया करावी का?

झोपेत घशातील श्वासमार्ग वारंवार बंद पडणे आणि श्वास दर वेळी किमान १० सेकंद अडणे, याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. हा लठ्ठ, घोरणाऱ्या पुरुषांचा आजार समजला जातो. पाळी थांबण्याच्या सुमारास मात्र स्त्रियांमध्येही त्याचे प्रमाण वाढते. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक श्वसनाला चालना देते. ते घटले की हा आधार जातो. शिवाय या वयात चरबी पोटाभोवती आणि मानेभोवती साठू लागते. स्त्रियांची तक्रार बहुधा घोरण्याची नसते. झोप मोडते, सकाळी डोके दुखते, थकवा जात नाही, असे त्या सांगतात आणि ‘या वयात असे होतेच’ म्हणून निदान लांबते.

रात्रभराच्या झोप-तपासणीत तासाला किती वेळा श्वास अडतो ते मोजतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. पहिला उपचार सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र. ते सोसले नाही तर मास्क किंवा दाब बदलून पाहावा. सौम्य-मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे उपकरणही चालते. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतरचा.

या शस्त्रक्रियेत वरचा आणि खालचा जबडा कापून साधारण १० मिलिमीटर पुढे आणतात व टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. टाळू आणि जीभ पुढे ओढली जाऊन मागची वाट रुंदावते. प्रकाशित अभ्यासांत सुमारे ८५ टक्के रुग्णांचा आकडा निम्म्याहून कमी आणि तासाला २० च्या खाली आला. मात्र तासाला ५ च्या खाली, म्हणजे पूर्ण बरे, असे निम्म्याहून कमीच होते. सल्ला घेताना ‘यश’ म्हणजे नेमके काय, हे विचारूनच घ्यावे. जबडा मुळात लहान किंवा मागे असेल तर फायद्याची शक्यता चांगली.

रजोनिवृत्तीमुळे दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात. पहिली, हाडे. या काळात हाडांची घनता झपाट्याने घटते. ठिसूळपणावर बिस्फॉस्फोनेट गटातील किंवा डेनोसुमॅबसारखे औषध चालू असेल, पूर्वी घेतले असेल, तर शल्यचिकित्सकाला सांगायलाच हवे. या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. औषध मनाने बंद करू नये. दुसरी, झोपमोडीचे कारण. रात्री अंगातून वाफा येऊन, घाम फुटून जाग येत असेल, तर जबडा पुढे आणून ती थांबणार नाही. त्यावर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून उपचार करून काय उरते ते पाहावे. हार्मोन उपचार हा मात्र स्लीप ॲप्नियाचा मान्य उपचार नाही.

खालच्या जबड्यातून जाणारी नस ताणली जाते. त्यामुळे ओठ-हनुवटी बधिर होते. बहुतेकींना संवेदना हळूहळू परत येते, पण वय जास्त तशी ती कायम राहण्याची शक्यता वाढते. चेहराही बदलतो. सुरुवातीचे काही आठवडे पातळ आणि मऊ अन्नावर काढावे लागतात. दातांची ठेवण जुळवायला तारा लागल्या तर एकूण काळ आणखी लांबतो. सूज उतरल्यावर, काही महिन्यांनी, झोप-तपासणी पुन्हा करतात. घोरणे थांबले म्हणून ती टाळू नये.