गळाची काठी, हलकी व संवेदनशील

टोकाशी लवचीक, मधल्या भागापासून ताठ आणि वजनाला हलकी अशी मासेमारीची काठी. माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी ते हाताला कळावे, यासाठी ती बनवलेली असते. बाजारात ती ‘स्पिनिंग रॉड’ या नावाने मिळते. अमेरिका आणि जपानमध्ये बास माशासाठी रूढ झालेल्या ‘ड्रॉप-शॉट’ पद्धतीला अशीच काठी लागते. या पद्धतीत शिसे दोऱ्याच्या अगदी शेवटी असते आणि गळ त्याच्या वर साधारण वीतभर ते हातभर अंतरावर बांधतात. शिसे तळाला टेकून राहते, आमिष तळापासून वर तरंगते आणि काठीचे टोक हलकेच थरथरवले की शिसे जागचे न हलता फक्त आमिष नाचते. शिसे खाली व गळ वर ही मांडणी समुद्रकिनाऱ्यावर गरवणाऱ्यांना नवी नाही. बाससाठी तिचा बारकाईने विकास जपानमध्ये झाला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ती अमेरिकेत पोचली.

बास हा मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा. जपानमध्ये तो १९२५ साली आशी सरोवरात सोडला गेला. पुढे तिथल्या देशी माशांना त्याने इतके हैराण केले की २००५ पासून त्याची वाहतूक आणि पाण्यात सोडणे कायद्याने बंद झाले. महाराष्ट्राच्या धरणांत बास नाही आणि तो आणण्याचा विचारही कोणी करू नये. परदेशी मासे पाण्यात सोडण्याची किंमत आपण चिलापीच्या रूपाने मोजतोच आहोत. ही चिलापी म्हणजे आफ्रिकेतला तिलापिया. भारतात तो १९५२ मध्ये आला आणि आज मुळा-मुठेपासून उजनीपर्यंत सर्वत्र आहे. पद्धत मात्र परकी असली तरी आपल्या पाण्यात चांगली चालते. चिलापी, शिंगटा आणि तळाशी चरणारे इतर मासे तिला प्रतिसाद देतात.

पुण्यातल्या कोथरूडच्या रहिवाशांना धरणे जवळ आहेत. कर्वे रस्त्याने वारज्यावरून खडकवासला, त्यापुढे पानशेत आणि वरसगाव. पौड रस्त्याने चांदणी चौक ओलांडून पिरंगुटमार्गे मुळशी. हे जलाशय एकसारखे नाहीत. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले. त्याचा जलाशय उथळ आणि गाळाचा आहे. मुळशीचा तलाव टाटांच्या वीजप्रकल्पासाठी १९२०च्या दशकात बांधला गेला. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालच्या सत्याग्रहानंतरही तिथली गावे पाण्याखाली गेली. हा तलाव खोल आहे आणि त्याच्या तळाशी खडक, बांध आणि झाडांचे बुंधे आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की हा तळ उघडा पडतो. हाताशी काठी नसतानाही तेव्हा तिथे एक चक्कर मारावी आणि बांध, ओढ्याची जुनी वाट, खडकांची रांग कुठे आहे ते नीट पाहून घ्यावे. पावसाळ्यानंतर मासे त्याच जागी मिळतात.

काठीची संवेदनशीलता कशात असते, हे समजायला चिलापीचा चावा जवळून पाहावा लागतो. मरळ आमिषावर झडप घालते, तिच्यासाठी कोणतीही काठी चालते. चिलापी तसे करत नाही. ती जबडा नळीसारखा पुढे काढते, पाण्यासकट आमिष आत ओढते आणि रबरी आमिषाची चव नको वाटली की तितक्याच चटकन बाहेर फुंकते. हा सारा प्रकार क्षणभराचा. हातात येतो तो फक्त एक बारीक ‘टक्’; कधी तोही नाही, नुसते टोकावरचे शिशाचे वजन नाहीसे झाल्यासारखे वाटते, कारण माशाने आमिष उचलून दोरा सैल केलेला असतो. मऊ काचतंतूच्या काठीत हा ठोका वाटेतच विरतो. चांगल्या काठीत तो तर्जनीपर्यंत येतो आणि मनगट आपोआप वर उचलले जाते.

याचे कारण तंतूंच्या गुणधर्मात आहे. काचतंतूची ताठपणाची मात्रा सुमारे ७२ गिगापास्कल आणि घनता २.५ असते. काठ्यांत सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या कार्बन तंतूची मात्रा सुमारे २३० गिगापास्कल आणि घनता १.८. पदार्थातून कंप किती वेगाने जाईल, हे ताठपणाला घनतेने भागून येणाऱ्या आकड्याच्या वर्गमुळावर ठरते. तंतूंपुरते बोलायचे तर कार्बनमध्ये हा वेग काचेच्या दुपटीहून अधिक येतो. शिवाय तेवढाच ताठपणा मिळवायला कार्बन कमी लागतो, म्हणून नळी पातळ आणि हलकी होते. हलके टोक झटका दिल्यावर लवकर स्थिर होते आणि स्वतःच्या हेलकाव्यात माशाचा ठोका लपवत नाही. म्हणून वजन कमी करायचेच असेल तर ते टोकाकडचे कमी व्हावे. मुठीकडचे दहा-वीस ग्रॅम वाचल्याने फारसे काही साधत नाही.

काठीवर २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे छापलेले असतात. ते दर चौरस मिलिमीटरला टन या मापात तंतूचा ताठपणा सांगतात. काठी किती वजन उचलेल याच्याशी त्यांचा संबंध नाही. आकडा वाढतो तशी काठी ठिसूळही होत जाते. ४० टनांची काठी खडकावर आपटली की चरा पडतो आणि पुढच्याच माशाला ती त्या जागी मोडते. शिवाय काठीत तो तंतू किती टक्के आहे आणि बाकी काय भरले आहे, हे छापील आकडा सांगत नाही. ‘आयएम ६’, ‘आयएम ७’ हे शिक्केही मुळात एका अमेरिकी तंतू-उत्पादकाच्या मालाचे क्रमांक होते. आता ते कोणीही छापतो. पहिली काठी घेणाऱ्याने २४ ते ३० टनांची, साधी, जाड भिंतीची कार्बन काठी घ्यावी. काच आणि कार्बन यांचे मिश्रण असलेली काठी स्वस्त आणि दणकट असते, पण या कामाला ती जड पडते.

मापांबाबत फार चिकित्सा नको. लांबी साडेसहा ते सात फूट, ताकद ‘मीडियम लाइट’, वाक ‘फास्ट’. ताकद म्हणजे काठी किती भार सोसते. वाक म्हणजे ती कुठून वाकते. फास्ट काठी वरच्या तिसऱ्या हिश्शात वाकते, त्यामुळे टोक नाचवता येते आणि गळ रुतवायला खालचा ताठ भाग मिळतो. शिशासह आमिषाचे वजन साडेतीन ते दहा ग्रॅम पेलेल, असे काठीवर लिहिलेले असावे. रीळ २००० किंवा २५०० आकाराचे. एकसंध काठीत जोड नसल्याने कंप विनाअडथळा जातो हे खरे. पण सात फुटांची एकसंध काठी कोथरूडच्या इमारतीतल्या लिफ्टमधून उतरवून दुचाकीवर चांदणी चौकातून नेणे म्हणजे टोक मोडायला निमंत्रण. दोन तुकड्यांची काठी साडेतीन फुटांत मावते. हार्डवेअरच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी नळी कापून घ्यावी, दोन्ही तोंडांना झाकणे लावावीत, आत जुने फडके कोंबावे आणि ती पाठीवर तिरकी बांधावी. जोड नीट बसत असेल तर संवेदनशीलतेतला फरक हाताला कळतही नाही.

दुकानात काठी हातात घेतल्यावर काही गोष्टी तिथल्या तिथे तपासता येतात. दोन्ही तुकडे जोडून काठी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरावी आणि दोरा ओवायच्या सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का ते पाहावे. कापसाचा छोटा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवावा. धागा अडकला तर कडीतल्या चिनीमातीसारख्या वेढ्याला तडा आहे. अशी कडी दोरा कापते. मग मूठ हातात धरून दुसऱ्याला टोकावर नखाने हलकेच टिचकी मारायला सांगावी आणि आपण डोळे मिटावेत. दोन-तीन काठ्या लागोपाठ अशा पाहिल्या की फरक लगेच उमगतो. मुठीत रीळ बसवायच्या जागी नळी उघडी ठेवलेली असेल तर उत्तम, कारण बोट थेट कार्बनला लागते. बुचाची मूठ आणि फोमची मूठ यांत बूच कंप थोडे बरे पोचवते, पण स्वस्त काठ्यांवरचे बूच बहुधा भुसा भरून गुळगुळीत केलेले असते आणि ते लवकर उकलते. फोम टिकतो. रीळ लावून तोल पाहणे विसरू नये. काठी रिळाच्या पुढच्या बाजूला बोटावर टेकवली असता टोक खाली झुकत असेल तर तासाभरात मनगट दुखते, आणि दुखऱ्या मनगटाला बारीक ठोका कळत नाही.

पैसे कुठे खर्चावेत, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण चुकीचे देतात. हजार ते तीन हजार रुपयांच्या पट्ट्यात कामाची कार्बन काठी मिळते. तिथून पुढे किंमत दुप्पट केली तरी हाती येणारी सुधारणा थोडी असते. दोरा बदलला तर मात्र तीच काठी वेगळी वाटू लागते. साध्या तंगुसाला पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत ताण येऊ शकतो. पंचवीस मीटर दूर, पाच मीटर खोल पाण्यात चिलापीने मारलेला ठोका त्या ताणातच जिरतो. विणलेला पॉलिथिलीनचा दोरा जवळजवळ ताणला जात नाही. दहा पौंडांचा असा दोरा रिळावर भरावा आणि त्याच्या पुढे दोन-तीन मीटर सहा ते आठ पौंडांचा फ्लुओरोकार्बन बांधावा. फ्लुओरोकार्बनची घनता १.७८, म्हणून तो पटकन बुडतो. त्याचा अपवर्तनांक १.४२ असल्याने १.३३ अपवर्तनांकाच्या पाण्यात तो तंगुसापेक्षा कमी दिसतो आणि दगडावर घासूनही तग धरतो. गळ पालोमार गाठीने बांधावा, गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करावी आणि गळाचे टोक वरच्या बाजूला राहील असे पाहावे. शिसे, दोरा, काठी, रीळ आणि तळहात ही एकच वाट आहे. वाटेत जिथे सैल पडते तिथे ठोका हरवतो, मग काठीवरचा आकडा कितीही मोठा असो.

काठीचा इतिहास आपल्या मुलखात जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. मासे कोणते, त्यांना काय चारावे, गळ कसा टाकावा हे त्यात राजाच्या करमणुकीचा भाग म्हणून आले आहे. इंग्रजी अमदानीत हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरला छापले गेले. त्या काळी चिरून जोडलेल्या बांबूच्या काठ्यांसाठी जो भरीव भारतीय बांबू परदेशी जाई, तो म्हणजे आपल्याकडचा मानवेल. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आणि १९७०च्या दशकात कार्बन आला, तशी बांबूची काठी हौशी लोकांपुरती उरली. गावाकडे ओढ्यावर मात्र आजही पोरांच्या हातात बांबूच असतो, आणि वरच्या टोकाला पातळ असलेला वाळका बांबू काही स्वस्त काचतंतू काठ्यांहून जास्त बोलका असतो.

पुण्यात गळाच्या मासेमारीशी महसीर हा मासाही जोडलेला आहे. कर्नल विल्यम साइक्स याने १८३९ मध्ये दख्खनच्या महसीरची विज्ञानाला प्रथम ओळख करून दिली ती पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून. आज शहरातल्या पात्रात चिलापीच पुढे दिसते. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्ले वाढवली जात आहेत. रायगडाच्या पायथ्याकडे काळ नदीवरल्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून महसीर राखले आहेत. तिथे गळ टाकणे हे श्रद्धेला आणि माशालाही घातक ठरेल. धरणाच्या पाण्यात हलक्या काठीला चुकून महसीर लागलाच तर झुंज लांबवू नये. थकून गेलेला मासा सोडल्यावरही मरतो. गळाचे उलटे काटे पक्कडीने आधीच दाबून ठेवावेत, हात ओले करून मासा पाण्यातच धरावा आणि सोडावा.

जलाशयांतील मासेमारीचे हक्क राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग बहुधा स्थानिक सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. त्यामुळे किनाऱ्यावर गेल्यावर आधी तिथल्या मच्छीमारांना विचारावे. ते परवानगीही सांगतात आणि जागाही दाखवतात. खडकवासल्याचा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडचा काठ लष्करी हद्दीत आहे. शहरातल्या नदीत सांडपाणी मिसळते, तिथला मासा खाऊ नये. खडकवासल्याचे पाणी पुणेकर पितात, म्हणून तुटलेला दोरा आणि शिसे तिथे टाकून येऊ नये. इंग्लंडमध्ये लहान शिशांवर १९८७ पासूनच बंदी आहे, कारण ती गिळून हंस मरत होते. ड्रॉप-शॉटच्या शिशाला दोरा चिमटीत अडकवायची कडी असते. तळात अडकल्यावर ओढले की फक्त शिसे निसटते. गळ वाचतो, पण शिसे पाण्यातच राहते. परवडत असेल तर पोलादी किंवा टंगस्टनची वजने वापरावीत.

घरी आल्यावर काठी गोड्या पाण्याने पुसून, तुकडे वेगळे करून उभी ठेवावी. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवल्यास कड्यांचा चिकटवा सैल होतो. टोकाची कडी निघाली तर उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाची कांडी मेणबत्तीवर धरून थेंबभर लावावी आणि कडी बाकीच्या कड्यांच्या रेषेत फिरवून बसवावी. ज्योत थेट कार्बनवर धरू नये. हा गोंद पुन्हा तापवून काढता येतो, म्हणून झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूपेक्षा तोच वापरावा.